गरम पाण्याच्या झऱ्यांनाही भूजलाच्या हिशोबात घ्या

नागपुरात एप्रिल लागला की पाण्याच्या गप्पा फुटांवर येतात. बेसा, हुडकेश्वरकडच्या लेआउटमध्ये कोणाचा बोअर दीडशे फुटांवर अजून चालतो, कोणाचा साडेतीनशेवर गेला, कोणाचा कोरडाच गेला, आणि काटोल-नरखेड-वरुडकडचा पाहुणा घरी आलेला असेल तर तो सांगतो की आमच्याकडे आता आठशे-हजार फुटांशिवाय गोष्टच होत नाही. याच घरांमध्ये महाशिवरात्री जवळ आली की सालबर्डीला जायचं ठरतं, कोणाची आजी गुडघ्यांसाठी किंवा खाजेसाठी उनकेश्वरच्या गरम कुंडात आंघोळ करून आलेली असते, कोणी पचमढीच्या वाटेवर आडबाजूला अन्होनीचं कुंड बघितलेलं असतं. या दोन गप्पा एकाच सोफ्यावर होतात पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं कोणाच्या मनात येत नाही. बोअर म्हणजे शेतीचा-घराचा प्रश्न आणि गरम झरा म्हणजे देवाचा, पिकनिकचा विषय.

मला वाटतं ही मोठी चूक आहे आणि ती फक्त आपल्या गप्पांत नाही, सरकारी हिशोबातही आहे. जमिनीखालून किती पाणी उपसायचं हे ठरवताना गरम पाण्याच्या झऱ्याला त्यात कुठेच जागा नाही. त्याचा वाटा कोणी बाजूला काढून ठेवत नाही, त्याची पातळी विहिरीसारखी कोणी नियमित मोजत नाही, आणि तो मंदावला तर तक्रार कोणाकडे करायची हेही ठरलेलं नाही.

आधी हे पाणी गरम कसं होतं ते बघू, कारण सगळा वाद तिथेच सुटतो. आपल्या भागात झऱ्याखाली ज्वालामुखी वगैरे काही नाही, दख्खनचा लाव्हा वाहून साडेसहा कोटी वर्षं झाली, त्याची उष्णता आता उरलेली नाही. होतं असं की कुठेतरी उंचावर, डोंगराच्या बाजूला पडलेलं पावसाचं पाणी भेगांतून खाली खाली जातं, आणि जमीन जितकी खोल तितकी गरम, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं, म्हणून ते पाणी तापतं, आणि मग एखादा भ्रंश किंवा मोठी भेग सापडली की वरच्या पाण्याच्या दाबाने ते दुसऱ्या बाजूला वर येतं. हा प्रवास काही एका पावसाळ्याचा नसतो. अमेरिकेत आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज गावच्या झऱ्यांचं पाणी तपासलं तेव्हा त्यातला बहुतेक भाग सुमारे ४४०० वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचा निघाला. आपल्याकडच्या प्रत्येक झऱ्याचं वय इतकंच असेल असं नाही, पण गेल्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणजे झरा सुखरूप आहे असा सरळ हिशोब इथे चालत नाही एवढं नक्की.

आता थोडं गणित करून बघा. विदर्भात जमिनीचं वरचं तापमान सरासरी २७ अंश धरलं आणि एखाद्या झऱ्याचं पाणी ४५ अंशांचं असेल तर ते पाणी कमीत कमी सहाशे-सातशे मीटर खोल जाऊन आलेलं असणार, आणि वर येताना ते थोडं थंडही होतं म्हणून खरी खोली त्याहून जास्तच. हजार फुटांचा बोअर म्हणजे ३०० मीटर. म्हणजे जुन्या काळच्या चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीचा आणि त्या खोल पाण्याचा संबंध जवळपास नव्हता, पण आज आपण संत्र्याच्या वावरात जे भोक पाडतो ते त्या पाण्याच्या वाटेच्या निम्म्यापर्यंत पोचतं. हे गणित ढोबळ आहे, पण "बोअरचं पाणी वेगळं, झऱ्याचं पाणी वेगळं" हे जे आपण सहज बोलून जातो ते आता तितकं खरं राहिलं नाही एवढं त्यातून दिसतं.

आणि झरा हा त्या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात नाजूक भाग आहे. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप बघा, टाकी काठोकाठ असते तोवर त्यातून पाणी पडतं, पातळी दोन बोटं खाली गेली की पाइप कोरडा, टाकी मात्र अजून जवळपास भरलेलीच असते. झऱ्याचं तसंच आहे. जमिनीखाली भरपूर पाणी शिल्लक असतं, बोअर चालू असतात, भूजल तुटलं असं कोणी म्हणत नाही, पण झऱ्याला वर ढकलणारा दाब थोडासा कमी झाला की झरा थांबतो. म्हणून "अजून पाणी आहे ना" हे उत्तर झऱ्याच्या बाबतीत उपयोगाचं नाही.

वरुडकडे बोअर मारताना ज्यांनी बघितलं असेल त्यांना माहीत आहे. कॉम्प्रेसर सुरू झाला की आधी मुरमाची तांबूस धूळ उडते, मग काळा दगड लागला की राखाडी पीठ यायला लागतं, मैद्यासारखं बारीक, ते आजूबाजूच्या झाडांच्या पानांवर बसतं. एकेक रॉड वीस फुटांचा, कास्तकार बाजूला उभा राहून मनातल्या मनात रॉड मोजत असतो कारण फुटाच्या हिशोबाने पैसे द्यायचे असतात, पाणाड्याने नारळ धरून दाखवलेली जागा बरोबर होती का हे अजून कळलेलं नसतं. चारशे गेले, पाचशे गेले, धूळ कोरडीच. मग कुठेतरी सहाशेच्या पुढे पीठ ओलसर होतं, गोळा बनायला लागतो आणि सगळे एकदम जवळ येतात. किती इंच लागलं, यावर तिथली सगळी चर्चा संपते. पाणी कोणत्या फुटाला लागलं हे कास्तकाराच्या लक्षात राहतं, पण ते लिहून कोणी घेत नाही, आणि ते पाणी कोमट होतं का हे तर कोणी विचारतही नाही. ड्रिलिंग चालू असताना कॉम्प्रेसरच्या हवेने पाणी तसंही तापतं, म्हणून तेव्हा हात लावून काही कळणार नाही, पण नंतर मोटर टाकून दोन-तीन तास चालवल्यावर साधं थर्मामीटर लावलं तर पाच मिनिटांत कळेल. विदर्भात इतके बोअर झाले, त्यातल्या प्रत्येकाने जमिनीखालची एक माहिती वर आणली होती आणि ती आपण राखाडी पिठाबरोबर वावरात सोडून दिली.

सालबर्डीचं उदाहरण मी मुद्दाम घेतो. नागपूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून, सातपुड्याच्या कुशीत. महादेवाची गुहा, यात्रा, आणि गरम पाण्याचा झरा. हा झरा तिथेच का, तर गाविलगड भ्रंश तिथून जातो, जमिनीतली मोठी जुनी फट, त्यामुळेच खालचे जुने दगड तिथे वर आलेले दिसतात, डायनोसॉरचे अवशेषही या भागात सापडलेत. भूशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी हा एक उघडा वर्ग आहे. आणि याच पट्ट्यात, पायथ्याशी, संत्र्याच्या बागा. मोर्शी आणि वरुड हे तालुके केंद्रीय भूजल मंडळाच्या यादीत वर्षानुवर्षं अतिशोषित म्हणून येत आलेत, म्हणजे वर्षाला जितकं पाणी मुरतं त्यापेक्षा जास्त काढलं जातं, लोकांच्या भाषेत ड्रायझोन. म्हणजे गरम पाण्याचा झरा आणि महाराष्ट्रातला अतिउपशाचा एक ठळक पट्टा शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यात काय चाललंय हे सामान्य माणसाला सांगणारा एकही फलक, एकही तक्ता तिथे मला दिसला नाही.

मी असं म्हणत नाही की सालबर्डीचा झरा बोअरमुळे कमी झाला. ते म्हणायला आकडे लागतात. माझं म्हणणं असं की एवढ्या धोक्याच्या जागेवर आकडे नसणं हाच प्रश्न आहे.

आणि भूजलाची जी मोजणी होते तिची पद्धतच अशी आहे की झरा त्यात दिसत नाही. पाणलोट किंवा तालुका हे एकक धरायचं, पाऊस किती, मुरलं किती, काढलं किती, टक्का काढायचा, ७० च्या आत असेल तर सुरक्षित, १०० च्या वर गेला तर अतिशोषित. हे काम महत्त्वाचं आहे, त्यावर टीका करायची नाही. पण हा हिशोब वरच्या थरांत दरवर्षी मुरणाऱ्या पाण्याचा आहे. गरम झऱ्याचं पाणी कदाचित दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच राज्यात मुरलेलं असतं (सालबर्डीच्या बाबतीत डोंगर मध्य प्रदेशात चढतो हे नकाशावरही दिसतं) आणि ते कितीतरी खोलून येतं. त्यामुळे तालुका सुरक्षित असला तरी झरा सुरक्षित असेलच असं नाही. उनकेश्वर नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठावर, नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, तिथे बोअरची परवानगी देताना या काठाच्या झऱ्याचा विचार त्या काठाचा माणूस करणार कसा, कागदावर तो त्याचा विषयच नाही.

उपशाने झऱ्याचं नक्की काय बिघडतं हे नीट समजून घ्यायला पाहिजे कारण ते एकाच प्रकारे बिघडत नाही. पहिलं म्हणजे दाब कमी होऊन झरा बारीक होतो किंवा बंद होतो, हे वर सांगितलं. दुसरं म्हणजे गरम पाणी वर येता येता बाजूच्या भेगांत शिरतं, कारण आजूबाजूच्या बोअरनी तिथला दाब कमी केलेला असतो, आणि मग ते पाणी कुंडात न येता कोणाच्या तरी बोअरमधून कोमट होऊन निघतं, कास्तकाराला वाटतं उन्हाळा आहे म्हणून गरम येतंय. तिसरं, खालचा दाब पडला की वरचं थंड पाणी उलटं खाली शिरतं, झरा चालू राहतो पण गरमपणा जातो, पाण्यातले क्षार बदलतात. कधी कधी उलटही होऊ शकतं, वरच्या थरातलं थंड पाणी उपसून कमी झालं की झऱ्यात होणारी भेसळ कमी होते आणि काही काळ तो उलट जास्त गरम वाटतो, लोक म्हणतात देवाची कृपा वाढली, आणि खरं तर ती धोक्याची खूण असू शकते. चौथी गोष्ट मला सगळ्यात काळजीची वाटते. गरम पाण्यात सिलिका, कॅल्शियम विरघळलेलं असतं, प्रवाह मंदावला, पाणी आतच थंड व्हायला लागलं की हे सगळं भेगांमध्ये बसतं आणि वाट बुजते. मग उद्या आपल्याला अक्कल आली, बोअर बंद केले, पातळी वर आली, तरी झरा परत येईलच याची खात्री देता येत नाही.

न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ म्हणून गाव आहे, गरम पाण्याच्या फवाऱ्यांसाठी जगात प्रसिद्ध. गावातल्या लोकांनी घरं गरम ठेवायला, हॉटेलवाल्यांनी पोहण्याच्या टाक्यांना, असे शेकडो बोअर मारले. प्रत्येकाचा उपसा छोटा. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी एकेक फवारा मंदावायला लागला, पापाकुरा नावाचा फवारा १९७९ मध्ये बंद पडला. पुढे १९८६-८७ च्या सुमारास सरकारने पोहुतू या मोठ्या फवाऱ्याभोवती दीड किलोमीटरचं वर्तुळ आखून आतले बोअर बंद करायला लावले, लोकांनी खूप विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण बोअर बंद झाल्यावर जमिनीखालचा दाब परत चढला आणि बरेच झरे पुन्हा जिवंत झाले. पापाकुरा मात्र परत उडायला २०१५ उजाडलं. छत्तीस वर्षं. आणि त्याच देशात वाइराकेईला १९५८ मध्ये भूऔष्णिक वीज केंद्र सुरू झालं तिथली गीझर व्हॅली मात्र संपली ती संपलीच. एका देशात दोन गोष्टी घडल्या, एका ठिकाणी वेळेत थांबले आणि दुसऱ्या ठिकाणी थांबले नाहीत.

कोणी म्हणेल ती गरम पाणीच काढणारी बोअर होती, आपण तर शेतीसाठी साधं थंड पाणी काढतो. त्याला उत्तर नेवाडाच्या वाळवंटात आहे. तिथे डेव्हिल्स होल नावाची एक कपार आहे, आत साधारण ३३ अंशांचं कोमट पाणी आणि त्यात जगात दुसरीकडे नैसर्गिकरीत्या कुठेच न सापडणारा एक इवलासा मासा. हा मासा पाण्याखालच्या एका उथळ दगडी कट्ट्यावर अंडी घालतो. तिथून चारेक किलोमीटरवर एका मोठ्या शेतमालकाने १९६८ च्या सुमारास सिंचनासाठी विहिरींचा उपसा सुरू केला, कपारीतली पातळी उतरायला लागली आणि तो कट्टा उघडा पडायला लागला. प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७६ मध्ये निकाल लागला की त्या कुंडाला आणि माशाला लागेल तेवढी पातळी राखावी लागेल, उपसा त्या मर्यादेतच करायचा. शेतीचा उपसा, चार किलोमीटरचं अंतर, आणि परिणाम कोमट पाण्याच्या कुंडावर. कोर्टाने शेती बंद करा असं म्हटलं नाही, पाण्याची एक रेघ ठरवून दिली.

आपल्या देशातही बिहारमध्ये राजगीरच्या गरम कुंडांच्या धारा कमी झाल्याच्या, काही बंद पडल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्यात आणि तिथले लोक आजूबाजूच्या खोल बोअरकडे बोट दाखवतात. बुद्ध आणि महावीरांच्या काळापासून नाव असलेली जागा, वर्षाला लाखो लोक जातात, आणि तिथेही चर्चा धार कमी झाल्यावर सुरू झाली.

आता खरा अवघड प्रश्न. कास्तकार मोठा की झरा मोठा, असं कोणी मला विचारलं तर मी कास्तकाराच्या बाजूला उभा राहीन, आणि ते मनापासून. संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा फुलोरा, घेतला तर फळ झाडावर ऐन मार्च ते जून वाढतं, म्हणजे नेमकं जेव्हा पाणी नसतं तेव्हा. एक उन्हाळा पाणी तुटलं तर फक्त त्या वर्षीचं पीक जात नाही, बागच जाते, आणि वाळलेली संत्र्याची बाग तोडताना ज्याने बघितली त्याला कोणी भूजलावर भाषण देऊ नये. पण हजार फुटांच्या बोअरने कास्तकाराचं तरी भलं झालंय का? एक बोअर कोरडा गेला की दुसरा, तो चालला तर शेजाऱ्याचा तुटतो, मग शेजारी शंभर फूट अजून खाली, मोटर मोठी, वीज जास्त, कर्ज जास्त. काळ्या दगडात पाणी साठवायची जागा मुळात वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या थरात असते, खाली जे मिळतं ते भेगेतलं जुनं साठलेलं, ते एकदा ओढलं की भरायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. म्हणजे जी खोल स्पर्धा झऱ्याला मारते तीच कास्तकारालाही मारते. झरा वाचवायचा उपाय आणि बाग वाचवायचा उपाय वेगळे नाहीत, वरच्या थरात पाणी मुरवणं, जुन्या विहिरी गाळ काढून जिवंत करणं, ठिबक, आच्छादन, आणि बहार ठरवताना पाण्याकडे बघून ठरवणं. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्या नागपुरातच अमरावती रोडवर आहे, अप्पर वर्धासारखं मोठं धरण मोर्शी तालुक्यात आहे, पण धरणाचं पाणी आपोआप वर पायथ्याच्या बागांकडे चढत नाही, ते चढवायचं काम सरकारचं आहे. ते केल्याशिवाय फक्त बोअरबंदीची पाटी लावली तर मी स्वतः त्या पाटीच्या विरोधात बोलेन.

कायदे आहेत. १९९३ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घ्यायला अडवलं होतं, म्हणजे एखाद्या स्रोताभोवती वर्तुळ आखायची कल्पना आपल्याला नवीन नाही. नंतर २००९ चा भूजल अधिनियम, जो २०१४ मध्ये लागू झाला, त्याने ६० मीटरपेक्षा खोल म्हणजे खोल विहीर असं धरून शेतीसाठी आणि उद्योगासाठी तशी खोल विहीर घ्यायला मनाई केली. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आता वरुड-काटोलच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर बसा आणि लोक किती फुटांच्या गोष्टी करतात ते ऐका. कायदा एक बोलतो आणि वावर एक बोलतं, आणि मधे जमीन ज्याची पाणी त्याचं ही १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून मुरलेली समजूत आहे. ती समजूत एका विहिरीच्या काळात ठीक होती, आज सबमर्सिबल मोटर शेजाऱ्याच्या आणि झऱ्याच्या खालचं पाणी ओढते तेव्हा ती ठीक राहत नाही.

बाकीच्या जगात यावर तोडगे निघालेत आणि ते फार भारी तंत्रज्ञानाचे नाहीत. जपानमध्ये १९४८ पासून गरम झऱ्यांचा स्वतंत्र कायदा आहे, गरम पाण्यासाठी बोअर मारायचा तर प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी लागते आणि जुन्या झऱ्याला धोका दिसला तर ती नाकारता येते. इंग्लंडमध्ये बाथ शहराच्या गरम झऱ्यांसाठी १९८२ मध्ये कायदा करून शहरात कुठल्या भागात किती खोल खणता येईल हे ठरवून दिलं, म्हणजे पाणी उपसायचं नसेल, नुसता पाया खोदायचा असेल तरी विचारावं लागतं. कारण झऱ्याला नवीन वाट करून देणं हेही उपशाइतकंच वाईट.

आपल्याकडे मला दुसरी एक भीती आहे, ती विकासाची. तीर्थक्षेत्र विकास म्हणून निधी येतो, कुंडाभोवती काँक्रीट होतं, टाइल्स लागतात, आणि मग बाजूला लॉज, रिसॉर्ट उभे राहतात आणि "आमच्याकडेही गरम पाणी" म्हणून स्वतःचा बोअर मारतात. हीच रोटोरुआची सुरुवात होती. भूऔष्णिक विजेचंही बोललं जातं. तेलंगणात मणुगुरूजवळ कोळशाच्या शोधासाठी मारलेल्या बोअरमधून गरम पाणी आपोआप वर आलं आणि सिंगरेणी कंपनीने त्यावर २० किलोवॉटचा छोटा प्रयोग केला, प्रयोग म्हणून ते चांगलंच आहे, पण जिथे झरा आहे तिथे मात्र आधी झऱ्याची दहा वर्षांची नोंद आणि मग ड्रिलिंग, हा क्रम उलटा होता कामा नये.

यावर एक रास्त आक्षेप येतो तो असा की झरे निसर्गतःही बदलतात, दुष्काळाने बारीक होतात, भूकंपाने तर रातोरात बदलतात, जुने बंद होतात, नवीन फुटतात, मग प्रत्येक वेळी बोअरवर का ढकलायचं. बरोबर आहे. म्हणूनच मोजायचं. दुष्काळाचा परिणाम पावसाच्या आकड्यांबरोबर वर-खाली होतो, भूकंपाचा एकदम होतो, आणि उपशाचा परिणाम हळूहळू, दर उन्हाळ्यात थोडा जास्त आणि पावसाळ्यात पूर्ण न भरून निघणारा असा दिसतो. दहा वर्षांची नोंद असेल तर हे तिन्ही वेगळे काढता येतात, नोंद नसेल तर पुजारी एक म्हणेल, कास्तकार एक म्हणेल, अधिकारी तिसरं म्हणेल आणि तिघांपैकी कोणालाच खोटं ठरवता येणार नाही.

आणि मोजणं किती सोपं आहे बघा. झऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे पंधरा लिटरची बादली लावायची, मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करायचं, भरायला किती सेकंद लागले ते तीनदा बघून सरासरी काढायची. थर्मामीटर कुंडाच्या मधे न बुडवता जिथून बुडबुडे येतात, पाणी फुटतं त्या तोंडाशी धरायचा, कारण कुंडातलं पाणी हवेने थंड होतं आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या नागपुरी उन्हात उलट तापतं. पाण्यातले क्षार दाखवणारं पेनाएवढं मीटर असतं, आरओवाल्याकडे असतं तेच, ते बुडवायचं. तारीख, वेळ, तीन आकडे. दहावीची मुलं करू शकतील. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात, कित्येक दशकांपासून मोजतात, ते काम मला फार मोलाचं वाटतं, त्याच फेरीत झरा घ्यायचा.

नागपूरचं नाव मी यात वारंवार घेतो त्याला कारण आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं मुख्यालय इथे सेमिनरी हिल्सवर आहे, केंद्रीय भूजल मंडळाचं क्षेत्रीय कार्यालय इथे आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथे आहे, व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, उपग्रहाच्या नकाशांचं राज्याचं केंद्र आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९१ मध्ये देशाचा भूऔष्णिक अॅटलस काढला, त्यात सुमारे ३४० गरम झऱ्यांची नोंद होती, म्हणजे कुठे काय आहे हे आपल्याला तीस वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. सातपुडा, पैनगंगा, नर्मदा या सगळ्या बाजूंच्या झऱ्यांच्या मधोमध बसलेलं शहर आहे हे. माणसं आहेत, प्रयोगशाळा आहेत, गाड्या आहेत. एकाने खडक बघायचा, दुसऱ्याने पातळी बघायची, तिसऱ्याने पाण्याची तपासणी करायची आणि तिघांचे कागद तीन कपाटांत राहायचे, हे मोडलं पाहिजे.

शेवटी हे सगळं कशासाठी, कुंडातल्या आंघोळीसाठी का, असं तरुण मुलं विचारतात. आंघोळीसाठी पण, म्हाताऱ्या माणसाला दोन तास बरं वाटतं हे कमी नाही. पण आणखीही आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याला एक जिवाणू सापडला, त्या वेळी त्याचा काही उपयोग कोणाला माहीत नव्हता, नंतर त्याच्यातल्या एन्झाइमवर पीसीआर चाचणी उभी राहिली, कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली तीच चाचणी. आपल्या उनकेश्वरच्या गरम पाण्यातल्या जिवाणूंवरही महाराष्ट्रातल्या संशोधकांनी काम केलंय. असे जीव हजारो वर्षं एका ठरावीक तापमानाच्या, ठरावीक क्षारांच्या पाण्यात घडलेले असतात, झरा चार-पाच अंशांनी थंड झाला तर आपल्याला आंघोळ करता येईल, त्यांच्यातले कितीतरी मात्र तिथे टिकणार नाहीत.

माझी मागणी छोटी आहे. अभ्यास होईपर्यंत सालबर्डी आणि उनकेश्वरच्या झऱ्याभोवती दीड-दोन किलोमीटरमध्ये नवीन खोल बोअर नको, पिण्याच्या पाण्याची खरी अडचण असेल तर ती टँकरने नाही, नळ योजनेने आधी सोडवा, आणि जुने बोअर कोणाचे बंद करायची वेळ आली तर पूर्ण भरपाई आणि पर्यायी पाणी हातात दिल्यावरच. बोअरच्या गाडीवाल्याने दर बोअरमागे एक कागद भरून द्यायचा, खोली, पाणी कोणत्या फुटाला लागलं, आणि मोटर टाकल्यावर पाण्याचं तापमान, ही तिसरी ओळ नवीन. दोन्ही झऱ्यांचे आकडे वर्षातून चार वेळा वेबसाइटवर आणि तिथल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर, मराठीत. यातल्या वर्तुळाला आणि भरपाईला वेळ लागेल, सरकारी आदेश लागेल, पैसा लागेल, ते मला कळतं. पण निरीक्षण विहिरींच्या येत्या मे महिन्याच्या फेरीत हे दोन झरे जोडायला नवीन कायदा लागत नाही, बादली आणि थर्मामीटर गाडीत ठेवलं की झालं.